सोबत आलेली

"रेघा कुठे गेल्या, भाऊ?"

रक्तपेढीच्या बाईंनी ते लेबल अगदी त्याच्या नाकासमोर धरले. तो सॅक खांद्याला लावून, दिवा मालवून सर्व्हरच्या खोलीचे दार ओढून घेत होता. आणखी थोडा वेळ मिळता तर तो जिना उतरून स्कूटरपाशी पोचला असता आणि बाईंना कुलूपच दिसले असते.

"कसल्या रेघा?"

"कसल्या काय? बारकोडच्या! नंबर आहे, गट आहे, तारीख आहे, आणि मधे ही बघा पांढरी स्वच्छ जागा. स्कॅनरनं बॅग ओळखायची कशी? वास घेऊन?"

त्याने लेबल उलटसुलट करून पाहिले. मागच्या बाजूला रेघा सापडतील अशी आशा कुणाही शहाण्या माणसाने ठेवू नये, पण अडचणीत सापडलेला माणूस शहाणा नसतो.

"मी प्रिंटरवर टेस्ट पेज काढून बघितलं होतं. व्यवस्थित आलं होतं."

"टेस्ट पेज चढवायचं का पेशंटला?"

"थोडा वेळ हातानं लिहून..."

"तेच चाललंय! एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं, दोघांनी सह्या करायच्या. रविवार म्हणून आहोतच आम्ही दोघं. वर थिएटरमध्ये पेशंट टेबलावर आहे, त्यांना चार बॅगा हव्यात. घाईत एक आकडा इकडचा तिकडे झाला तर निस्तरणार कोण, तुमचा सर्व्हर?"

त्याने दार पुन्हा उघडले. दिवा लावला. बाई त्याच्या मागोमाग आत आल्या आणि परत जायचे नाव नाही अशा बेताने भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मला घरी जायचं होतं," तो खुर्चीत बसता बसता म्हणाला.

"मलाही," बाई म्हणाल्या.

इस्पितळात त्याला सगळे सर्व्हरभाऊ म्हणत. खरे नाव पगारपत्रकावर होते आणि तिथेच सुखाने नांदत होते. संगणक चालू असले की तो कुणाला आठवत नसे. बंद पडले की सफाईवाल्यापासून अधीक्षकांपर्यंत सगळ्यांना एकदम त्याचा उमाळा येई. लिनक्स प्रणालीवरच्या जुन्या सर्व्हरला नव्या आवृत्तीवर नेण्याचे काम त्याने मुद्दाम रविवारी धरले होते, कारण रविवारी तपासणीची गर्दी नसते. पहाटे येऊन त्याने अपग्रेड सुरू केले, ते शहाण्या बाळासारखे पारही पडले. आता दुपारच्या जेवणाआधी त्याला दादाकडे पोचायचे होते. जेवणे झाली की मावशीला न्यायला वृद्धनिवासाची गाडी येणार होती.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दादाच्या वेळी आईला दिवस भरत आले तेव्हा सोबत म्हणून आली, ती राहिलीच. दादा जरा रांगायला लागू दे, मग जाईन, असे म्हणाली होती. दादा रांगला, चालला, मग हा धाकटा झाला. मग वडील गेले. मग आईचे गुडघे गेले आणि गुडघ्यांमागून एकेक करत बाकीचे शरीरही. दर वेळी "आता एवढं होऊ दे" असे मावशी म्हणे आणि दर वेळी त्या 'एवढ्या'ला नवे शेपूट फुटे. तिच्या लग्नाचे मध्ये कधीतरी राहून गेले. कुणी मोडले नाही, कुणी नाही म्हटले नाही. त्या वर्षी आईला बरे नव्हते, इतकेच.

तिला त्या घरात खोली नव्हती. आईच्या कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा होता, आणि रात्री आईच्या पलंगाशेजारी गादी. तिला हाक मारायची वेळ कधी येतच नसे. तहान लागली आहे हे घशाला कळायच्या आत ती पाणी घेऊन समोर उभी. धाकट्याने पुष्कळदा आठवून पाहिले होते, "मावशी, इकडे ये" असे आपण कधी म्हटलेय का. त्याला एकदाही आठवले नाही. "मावशी, माझा मोजा कुठाय?" हे मात्र शंभरदा आठवले.

आईचे शेवटचे महिने याच इस्पितळात गेले, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा मावशीच्या गळ्यात निळ्या दोरीचा पास असे, त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले, 'रुग्णासोबत'. खालचा पहारेकरी तिला ओळखायला लागला होता. "या, सोबत! चहा झाला का, सोबत?" अशी तिची थट्टा करी आणि तीही हसे. आई गेली त्या दिवशी सगळे आवरून खाली आले तेव्हा त्याच पहारेकऱ्याने हात पुढे केला. "तेवढा पास द्या, मावशी. आता लागणार नाही." त्याची चूक नव्हती, पास मोजकेच असतात. मावशीने दोरी डोक्यावरून काढली. ती केसांत अडकली, तर तिने शांतपणे एकेक केस सोडवला, पास दिला आणि मग गेटच्या आतल्या बाजूला नुसतीच उभी राहिली. आता आत थांबायचे की बाहेर जायचे हे कुणीतरी सांगेल म्हणून ती थांबली होती. धाकटा गाडी आणायला गेला होता, त्याने ते लांबून पाहिले. ते दृश्य त्याच्या मनातून नंतर काही केल्या गेले नाही.

आता दादाने जुने घर सोडून नवे घेतले होते. आज-उद्यात सामान हलणार होते. आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला.

"नव्या घरात खोल्या मोजक्याच आहेत रे. मुलांना एकेक द्यावीच लागते. आई होती तोवर प्रश्नच नव्हता. आता ते निवास आहे ना, चांगलं आहे, मी स्वतः बघून आलोय. डॉक्टर येतो, बाग आहे. मावशीला सांगितलं, ती म्हणाली बरं. तुझं काय म्हणणं?"

दादा वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येते. आणि धाकट्याच्या स्वतःच्या दोन खोल्या, बायको, दहावीतली पोरगी. तो म्हणाला, "हो... बघ तू." झाले. एका माणसाचा निकाल लागायला तेवढा 'हो' पुरला.

आज तो निरोप द्यायला जाणार होता. निरोपच द्यायला, असे तो स्वतःला पहाटेपासून बजावत होता.

"काय झालं? सापडलं का?" बाई मागून म्हणाल्या.

"बघतोय."

माशी नेमकी कुठे शिंकली ते कळत नव्हते. प्रिंटर ठीक. रक्तपेढीची माहिती ठीक, नाहीतर नंबर आणि गट तरी कसे छापले गेले असते? फक्त रेघाच गायब, आणि कुठे तक्रारीचा एक शब्द नाही. नंबर, गट, तारीख जागच्या जागी आणि मधली जागा मुकाट. बाईंच्या हातातला फोन वाजला. त्या "हो डॉक्टर, दोन दिल्यात, पुढच्या लिहितोय, हो, कळतंय" असे म्हणाल्या आणि फोन ठेवून त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ते बघणे बोलण्यापेक्षा वाईट होते.

मग त्याचा स्वतःचा फोन वाजला. दादा.

"अरे, गाडी आली."

"इतक्यात? जेवणानंतर येणार होती ना?"

"त्यांना वाटेत आणखी एकाला घ्यायचंय म्हणे. तू कुठे आहेस?"

"कामावर. अडकलोय. मावशी काय करतेय?"

"काय करणार? पिशवी मांडीवर घेऊन बसलीय. तुझी वहिनी म्हणाली दोन घास खाऊन घ्या, तर म्हणे भूक नाही. ड्रायव्हरला मात्र पाणी नेऊन दिलं तिनं."

"दादा, थांबव ना जरा गाडी."

"थांबवतो की. पण कशासाठी थांबवू? त्याला काय सांगू?"

धाकट्याने तोंड उघडले. बाई म्हणाल्या, "भाऊ, अहो वर पेशंट उघडा पडलाय!" त्याने "करतो फोन" म्हणून फोन बंद केला. पण 'कशासाठी' हा शब्द कानातून निघेना.

त्याने लेबल बनवणारे काम हाताने, एकेक पायरी करून चालवले. तिसऱ्या पायरीला पडद्यावर एक ओळ उमटली. या नावाचा प्रोग्रॅम इथे नाही. बारकोडच्या रेघा काढणारा एक एवढासा प्रोग्रॅम, जो काल रात्रीपर्यंत होता, तो आज नव्हता. आणि धाकट्याने तो आपल्या हाताने कधी बसवलाही नव्हता.

इथे जरा थांबून सांगायला हवे. लिनक्सच्या सर्व्हरवर प्रोग्रॅम आणणे, बदलणे, काढणे हे सगळे एक कारभारी बघतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तुम्ही नाव घेऊन सांगितले की अमुक आण, की तो आणतो. पण प्रोग्रॅम एकटा कधी येत नाही. ज्यांच्यावाचून त्याचे अडते असे चार जण तो बरोबर घेऊन येतो. कारभारी सगळ्यांना घरात घेतो, फक्त प्रत्येकाबद्दल एक खूण ठेवतो. हा नाव घेऊन मागवलेला, आणि हे त्याच्यासोबत आलेले. पुढे अपग्रेड होते, जुन्याच्या जागी त्याचा नवा अवतार येतो, पण खूण बदलत नाही. अंगावरचे कपडे नवे, खूण जुनीच. वर्षानुवर्षे असे चालते. मग ज्याच्यासोबत ते आले तो एखाद्या दिवशी निघून जातो, आणि कारभारी उरलेल्यांची नावे समोर धरून विचारतो, यांना कुणी मागवले नव्हते, आता यांची गरज उरलेली नाही, काढून टाकू का? कोण किती राबते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ते त्याला दिसतच नाही.

इथेही तसेच झाले होते. फार पूर्वी कुणीतरी लेबलांची नक्षी करणारा एक मोठा प्रोग्रॅम नाव घेऊन मागवला, आणि रेघा मारणारा हा छोटा त्याच्या शेपटाला धरून आला. मोठ्याचा थाट फार, काम थोडे. तेव्हाच्या माणसाच्या लक्षात आले की आपले काम छोट्यावरच भागते, आणि त्याने रक्तपेढीची लेबले सरळ छोट्याला जोडून दिली. कारभाऱ्याला हे कळवायचे राहिले. तेव्हापासून मोठा नुसता बसून होता आणि इस्पितळातून गेलेल्या प्रत्येक बॅगेवर रेघा छोट्याच्या होत्या. नव्या आवृत्तीत तो मोठा प्रोग्रॅम बंदच झाला होता, म्हणून अपग्रेडने त्याला बाहेर काढले. सुक्याबरोबर ओलेही जळते.

आणि कारभाऱ्याने विचारले होते. पहाटे, अपग्रेड संपता संपता, पडद्यावर लांबलचक नावे आली होती आणि तळाशी प्रश्न. धाकट्याच्या एका हातात चहाचा पेला होता. दुसऱ्या हाताच्या बोटाने होकाराचे बटण दाबले. नावे वाचलीसुद्धा नव्हती. इतक्या वर्षांत तो प्रश्न इतक्या वेळा आला होता की बोटाला उत्तर अंगवळणी पडले होते.

तो पडद्याकडे बघत राहिला. आता यांची गरज उरलेली नाही. तेवढा पास द्या, मावशी. हो, बघ तू. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिले तापली.

"काय झालं? बोला की," बाई म्हणाल्या.

"सापडलं. रेघा काढणारा प्रोग्रॅमच नाहीये. मीच काढून टाकला सकाळी."

"तुम्ही? का?"

"तो कुणी मागवलेला नव्हता. दुसऱ्याबरोबर आला होता. तो दुसरा गेला."

"म्हणजे? अहो, रोज लागतो तो आम्हाला!"

"रोज लागतो हे मशीनला कुणी सांगितलं नव्हतं."

"सांगायला कशाला पाहिजे?" बाई खरोखरच चकित झाल्या होत्या. "दिसत नाही?"

त्याने छोट्याचे नाव टाइप केले, एकेक अक्षर बघून, आणि सांगितले, हा आण. क्षणभर काहीच झाले नाही. मग पडद्यावर ओळी पळू लागल्या, थांबल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या प्रिंटरला त्याने लेबल धाडले. बाई धावत जिना उतरल्या, तो त्यांच्या मागे. प्रिंटरने घसा खाकरला आणि लेबल बाहेर आले. काळ्या रेघा, जाड आणि बारीक, जागच्या जागी. बाईंनी ते बॅगेवर चिकटवले, स्कॅनर फिरवला. टिंग.

"सुटले बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पुढची बॅग घेतली. टिंग. वर न्यायला माणूस दारात उभाच होता. तो गेला तेव्हा कुठे त्यांनी घाम पुसला.

"परत नाही ना हो काढणार त्याला?"

"नाही. आता नाव घेऊन मागवलाय. ज्याला नाव घेऊन मागवलं त्याला ते मशीन आपणहून काढा म्हणत नाही."

"मग हे आधीच करायचं होतंत," बाई म्हणाल्या. तो निघालेला पाहून त्यांनी पुन्हा हाक दिली, "थांबा! आणखी कुणाला काढलंत का? आत्ताच बघून जा. तुम्ही जाल निघून आणि मी बसेन बोंबलत."

त्यांचे बरोबर होते. तो पळतच वर आला. काढलेल्यांत कामाचे आणखी कुणी नव्हते. पण राहिलेल्यांत एक सापडला. प्रयोगशाळेचे अहवाल रोज त्याच्यामार्फत छापले जात आणि कारभाऱ्याच्या लेखी तोही नुसता सोबत आलेला होता. ज्याच्यासोबत आला तो अजून टिकून होता म्हणून आज वाचला, उद्या कुणाचे तरी बोट पडले असते. धाकट्याने त्याचेही नाव घेतले. तो तर घरातच होता; आणायचे काही नव्हते, बदलायचे काही नव्हते. पडद्यावर दोनच वाक्ये उमटली. हे आधीपासूनच इथे आहे. यापुढे हे मुद्दाम मागवलेले धरले जाईल.

एवढेच करायचे असते, त्याच्या मनात आले. माणूस घरात असतानाच नाव घ्यायचे असते.

फोन वाजला. "अरे, ड्रायव्हर ऐकत नाही. तिला बसवतोय गाडीत," दादा म्हणाला.

"दादा, जाऊ देऊ नकोस तिला. मी नेतो माझ्याकडे."

"तुझ्याकडे? दोन खोल्यांत? मी विचारलं तेव्हा तर..."

"तेव्हा चुकलं माझं. तू गाडीसमोर उभा राहा, काहीही कर."

"बायकोला विचारलंस?"

तेही बरोबरच होते. जिना उतरता उतरता त्याने घरी फोन लावला. बायकोने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

"मग माझी ना नाही. पोरगी आणि मावशी आत झोपतील, आपण बाहेर. होईल काहीतरी. मी वाटच बघत होते तू कधी तोंड उघडतोस त्याची." मग ती थांबली. "पण मावशींना विचारलंस का?"

"नाही अजून."

"अरे, मग मला काय विचारत बसलायस!"

स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली नाही, हे ओघाने आलेच. दुसऱ्या किकला झाली. रविवारचा रस्ता मोकळा होता, पण पुलाच्या तोंडाशी एक ट्रक आडवा लागला होता आणि त्याचा ड्रायव्हर जगात दुसरे कुणी नाही अशा निवांतपणाने काच पुसत होता. धाकट्याने स्कूटर फुटपाथवर चढवली. एक म्हातारे गृहस्थ ओरडले, त्याने "माफ करा काका" म्हटले आणि पुढे काढली. आयुष्यात कधी सिग्नल न मोडलेल्या त्या माणसाने आज दोन मोडले. सगळा वेळ त्याला एकच दिसत होते, गेटच्या आत उभी असलेली मावशी, आत थांबायचे की बाहेर जायचे हे न कळलेली.

जुन्या घरासमोर सामानाचा टेम्पो उभा होता. त्यात कपाटे, उलट्या खुर्च्या, आईचा पलंग उभा करून दोरीने बांधलेला. त्याच्या पुढे पांढरी गाडी, इंजिन चालू. दादा खरोखरच गाडीसमोर उभा होता, दोन्ही हात कमरेवर, आणि ड्रायव्हर खिडकीतून डोके काढून त्याच्याशी हुज्जत घालत होता. दादाला असे उभे राहिलेले धाकट्याने लहानपणी एकदाच पाहिले होते, याला मारायला आलेल्या पोरांसमोर.

मावशी मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती. पट्टा लावलेला, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

त्याने दार उघडले. "मावशी, उतर."

"काही राहिलं का माझं?"

"राहिलं नाही काही. माझ्याकडे चल."

मावशीचा चेहरा एकदम बदलला. "कोण आजारी आहे? पोरीला बरं नाही का?"

त्याला धाप लागली होती. आणि जिभेवर जे सगळ्यात सोपे होते ते आले. "नाही, तिची परीक्षा आहे ना. हिची धावपळ होते फार. तू असलीस तर..."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!" मावशीने पट्टा सोडलासुद्धा. चटकन पदर खोचला. तिच्या हालचालीत एकदम कामाची घाई आली, पाय खाली टाकता टाकता ती म्हणाली, "किती दिवसांचं आहे? परीक्षा संपते कधी?"

ती राहायचे दिवस मोजत होती. परीक्षा संपली की पुन्हा पिशवी मांडीवर घेऊन बसायची तिची तयारी होती, आणि कुणीतरी पुन्हा फोन करून विचारणार होते, तुझं काय म्हणणं? तो तिला पुन्हा कुणाच्या तरी सोबतच घेऊन चालला होता.

"मावशी, थांब. परीक्षेचं काही नाही. ती करते तिचा अभ्यास. कुणी आजारी नाही. कुणाचं काही अडलेलं नाही."

तिचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, तो तिथेच राहिला. "मग मी कशाला?"

"तुला न्यायला आलोय." त्याचा आवाज फाटला, दादासमोर, ड्रायव्हरसमोर, पण त्याने बोलणे सोडले नाही. "तू पाहिजेस म्हणून. दुसरं काही नाही. येशील का?"

ड्रायव्हरने इंजिन बंद केले. मावशी त्याच्याकडे बघत होती. गणित चुकलेल्या पोराच्या वहीत आपण चूक शोधतो तशी ती त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती.

"कुणाचंच काही नाही?"

"नाही."

ती रडली बिडली नाही. तिने पाय परत आत घेतला आणि सीटवर मागे टेकून बसली. नाही म्हणाली तर? म्हणू शकत होती, आणि म्हणायचा तिला पुरता हक्क होता. ती समोरच्या घराच्या उघड्या खिडक्यांकडे बघत राहिली, टेम्पोतल्या आईच्या पलंगाकडे बघत राहिली. विचार करू लागली. तिच्या उत्तरासाठी कुणी थांबून राहिले आहे असे त्या घरात पूर्वी झाले नव्हते, आणि ती आता काही घाई करणार नव्हती. ड्रायव्हरने घड्याळ पाहिले, तसा दादाने त्याला हातानेच गप्प राहायला सांगितले. दादाचे डोळे भरले होते. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती.

मग मावशीने मांडीवरची पिशवी उचलली. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या होत्या, आईच्या औषधांच्या, पोरांच्या दप्तरांच्या, बाजाराच्या. आपली पिशवी तिने कुणाच्या हातात दिलेली धाकट्याने कधी पाहिली नव्हती. ती तिने दारातून त्याच्यापुढे धरली.

"धर जरा," ती म्हणाली. "मी उतरते."

त्याने धरली. पिशवी इतकी हलकी होती की त्याने वाकून सीटवर दुसरी शोधली. दुसरी नव्हती.